सगळा दोष सोलचा

३ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणतात, पार्किन्सन्स. म्हणोत बापडे. बूट विकण्यात माझा जन्म गेलाय. माणूस दुकानात शिरेपर्यंत मी त्याचं माप ओळखतो. माझे पाय घासतात, कारण हल्लीचे रबरी सोल फरशीला चिकटतात. उद्यापासून चामडी सोल. विषय संपला.

४ फेब्रुवारी
चामडी सोल घसरतात. बाथरूमच्या दारात तोल गेला, टॉवेलची दांडी धरली. दांडी हातात आली. प्लंबरला फोन करून झापलं.

७ फेब्रुवारी
फिजिओथेरपीच्या बाई घरी आल्या. चाला म्हणाल्या, चाललो. वळा म्हणाल्या, वळलो. हप्त्याहप्त्याने, पण वळलो. मग मागे उभं राहून त्यांनी खांदे ओढले आणि मी थेट त्यांच्या अंगावर. म्हटलं, बाई, मागून ओढलं तर पैलवानसुद्धा पडेल. एरवी माझ्या विनोदाला बायको हसते. आज हसली नाही. नंतर दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या.

काठी घ्या म्हणे. बूटवाल्याच्याच हातात काठी दिसली तर गिऱ्हाईक काय समजेल?

११ फेब्रुवारी, दुपारी
मुलाचा हुकूम: बाबा, गल्ल्यावर बसून राहा. तो चहाला गेला आणि एका गृहस्थांना वरच्या फळीवरचा नऊ नंबर हवा झाला. शिडीवर सरसर चढलो. खोका काढला. सरसर उतरलो. पाय कुठे चुकला नाही. याला आजार म्हणायचं?

सपाट जमिनीवर मात्र पाय खिळे ठोकल्यासारखे. वरचं अंग आधीच निघालं होतं, ते थांबेना. गृहस्थांच्या मांडीवर जाऊन बसलो. भला माणूस. आधी खोका घेतला, मग मला उठवलं. बूट घेऊन गेले. विक्री झाली, हे महत्त्वाचं.

रात्री
मुलाला कळलं. सूनबाईंनी शिडी मागच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं. स्वतःच्या दुकानात मी चोर.

१३ फेब्रुवारी
बायको म्हणाली, अक्षर मुंगीएवढं झालंय तुमचं. म्हटलं, तेवढाच कागद वाचतो.

१५ फेब्रुवारी
निश्चय. उद्या दुकानात एकटा जाणार. मुलगा नको, रिक्षा नको, कोणाचा दंड धरणं नको. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. बरं म्हणाली. इतक्या सहज कशी तयार झाली कोण जाणे. पटलं असणार.

१६ फेब्रुवारी
गेलो. एकटा. वाटेत पाय आपोआप पळायला लागले, दोनदा विजेचा खांब धरावा लागला. पण पोचलो.

दुकानाच्या दारात थांबलो. म्हणजे पाय थांबले. आतून एक बाई लहान पोराला घेऊन बाहेर निघालेल्या, माझ्या मागे दोघं आत यायला उभे. मी शोकेस बघतोय असं दाखवलं. किती वेळ बघणार? बूट मीच मांडलेले. गल्ल्यावरून आमचा मुलगा उठला. त्याला डोळ्यांनीच दटावलं. पाऊल उचलेना.

तेवढ्यात मागून बायको आली. घरापासून माझ्या मागे चालत होती म्हणे. तिने आपला पाय माझ्या पावलांपुढे आडवा ठेवला.

"ओलांडा," म्हणाली.

"तुडवेन मी तुला."

"तुडवा. बूट घातलेत."

ओलांडला. तिने पुन्हा पाय आडवा घातला. पुन्हा ओलांडला. असं करत गल्ल्यापर्यंत. त्या बाईंनी पोराला धरून वाट दिली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

फिजिओच्या बाईंकडून शिकली म्हणे. पाय आडवे घालून घालून संध्याकाळी तिची कंबर दुखायला लागली. मुलाला वॉकर आणायला सांगितलाय.

माझ्यासाठी नाही. तिच्या कंबरेसाठी.