आफराच्या फोनमधला तुझा नंबर

बोर्ली पंचतन
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्यारी मुन्नी,

अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तू आणि अरमानभाई तिकडे खैरियतीने असाल, अशी दुआ करते. पत्र बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही. हाताशी फोन असताना आपाला कागद का सुचला, असं तुला वाटेल. ते येईलच पुढे.

फैझान शुक्रवारी कुवेतला परत चाललाय. नेहमीसारखा घरोघर फिरून प्रत्येकाचं किलोभर सामान घेतो, त्याच्या वर गेलं की तोंड वाकडं करतो. तुझ्यासाठी सोडे, थोडं कोकम आणि भाकरीचं पीठ देतेय. सोड्यांवर प्लास्टिक गच्च गुंडाळलंय, नाहीतर बिचाऱ्याचे कपडे पार कुवेतपर्यंत वास मारतील. पत्र पिठाच्या पिशवीला बाहेरून चिकटवीन.

वाडीतल्या सुपाऱ्या उतरवून झाल्या. आफराच्या अब्बांचा टेम्पो परत अलिबागच्या रस्त्यावर बंद पडला, आता नवा घेऊ म्हणतात. दरवर्षी म्हणतात. आफरा बरी आहे. उंच झाली. चेहरा तुझ्यावर गेलाय, असं जो तो म्हणतो. म्हणोत बापडे.

तू दोन वर्षांपूर्वी तिला फोन पाठवलास तेव्हा मी नको म्हटलं होतं, आठवतंय ना? सातवीतल्या पोरीला कशाला फोन? तू हसलीस आणि तिला व्हिडिओवर बसवून कायदे घालून दिलेस. जेवताना फोन नाही. झोपताना फोन स्वयंपाकघरात. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नाही. आणि पासवर्ड अम्मीला माहीत असलाच पाहिजे.

मुन्नी, खरं सांगू? ते सगळं मी तिला आधीच सांगत होते. अब्बांच्या फोनला चिकटून बसायची तेव्हापासून ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण पोरगी ढिम्म. आणि तुझ्या एका शब्दावर रोज रात्री निमूटपणे फोन ओट्यावर ठेवून जायला लागली. इथल्या बायका मला विचारायच्या, तुझ्या आफराला एवढी शिस्त कशी गं लावलीस? मी म्हणायचे, लावावी लागते. तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

तुम्ही दोघी बोलायचात तेव्हा मी मुद्दाम तिथे केर काढायचे. माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे 'हो', 'नाही', 'भूक लागली'. तुझ्याशी मात्र सगळं. कुठल्या सरांनी काय विनोद केला, कोण कोणाशी रुसलं. जेवायला घालायचं मी, ताप आला की उशाशी बसायचं मी, आणि पोरगी मोकळी होणार खालाजवळ. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं. तुला मूल नाही म्हणून ही माझं पोर घेऊन बसली, असंही माझ्या मनात आलं. एकदाच नाही आलं. तोंडावर कधी बोलले नाही, आज लिहिते आहे. वाचून रडू आलं तर रड, पण पुढचं वाच.

ऑक्टोबरातली गोष्ट. भरडखोलची मैना मासे घेऊन आली. तिची मुलगी आफराच्याच वर्गात आहे. सुरमई कापता कापता म्हणते, "काय गो भाभी, पोरीचा त्या फोटोचा मिटला ना सगला? बाईंनी बेस केला."

मला काही ठाऊकच नाही. पण नाही कसं म्हणायचं? आईला माहीत नाही असं कोळणीसमोर कबूल करायचं? म्हटलं, हो हो, मिटलं. मग गोड बोलून तिच्याकडूनच सगळं काढून घेतलं. शर्यतीत धावतानाचा आफराचा तोंड वासलेला फोटो कुणीतरी घेतला, त्याचं स्टिकर केलं आणि वर्गाच्या ग्रुपवर आठवडाभर प्रत्येक गोष्टीला तेच चिकटवत होते. आफराने एक शब्द उलट टाकला नाही. सगळं तसंच जपून ठेवलं आणि सरळ विनिता बाईंना दाखवलं. बाईंनी पोरांच्या आईबापांना बोलावलं, स्टिकर पुसायला लावलं, माफी मागायला लावली.

एवढं शहाणपण पोरीला कुठून आलं, हे मला विचारावं लागलं नाही. तरी संध्याकाळी विचारलं. म्हणाली, "खालाने सांगितलं तसं केलं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू आधी फोनच काढून घेतला असतास."

मुन्नी, मी खरंच काढून घेतला असता. वर दोन धपाटे दिले असते, फोटो काढू दिलासच का म्हणून. ते कळत होतं म्हणून तर जास्त झोंबलं. आठ दिवस रात्रभर पोरगी माझ्या शेजारी झोपून कुढत होती आणि ते कुवेतला कळलं, माझ्या उशीला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी फोन घेतला. पासवर्ड तूच द्यायला लावलेला. मोबाइलच्या दुकानात हेतलकडे गेले, म्हटलं, हा गल्फचा नंबर पोरीला फार त्रास देतो, बंद कर. ती भली मुलगी, म्हणाली, "भाभी, बरं केलंत, लगेच आलात." फोनवरून आणि व्हॉट्सअॅपवरून, दोन्हीकडून तुला बंद केलं. पोरी फार जपायला लागतात हल्ली, असंही म्हणाली. मी मान डोलावली.

तू आफराच्या अब्बांच्या फोनवर मला विचारत राहिलीस, पोरगी दिसत नाही, रागावली का? मी म्हटलं, चाचणी परीक्षा आहे, फोन कपाटात ठेवलाय. तू म्हणालीस, छान केलंस आपा, मी त्रास देत नाही. ना कुठली चाचणी होती, ना फोन कपाटात होता.

मला वाटलं, आता येईल माझ्याकडे. खाला नाही म्हटल्यावर जाते कुठे? रोज तिच्या आवडीचं करत होते. शाळेत काय झालं विचारत होते. "काही नाही" म्हणायची, ताट धुऊन ठेवायची. फोन तसाच रात्री ओट्यावर ठेवायची. तुझ्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. मी मनात म्हटलं, बघ, एवढंच होतं यांचं प्रेम. आणि मला बरं वाटलं, मुन्नी. फार बरं वाटलं.

काल दुपारी आम्ही दोघी सोडे निवडत बसलो होतो. मोठे मोठे वेचून ती तुझ्या पिशवीत टाकत होती. माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, एवढं करतेस, पण खालाला तरी आठवण आहे का तुझी? विचार फोन करून, अजून काय पाहिजे तिला.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "कसा करू? तू बंद केलायस ना."

कधी कळलं, मी विचारलं. "त्याच दिवशी. मेसेज पाठवायला गेले तर दिसलं. पासवर्ड फक्त तुलाच माहीत आहे."

"मग उघडला का नाहीस? एका बोटाचं काम."

"तुला वाईट वाटत असेल म्हणूनच केलं असशील ना. मागून उघडला असता तर अजून वाईट वाटलं असतं." पुढे म्हणाली, "खाला म्हणते, फोनवर अम्मीपासून लपवून काही करायचं नाही. काहीच नाही."

मी उठून मागच्या दारी गेले. तिच्यासमोर रडायचं नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या रडण्यातही अर्धा जळफळाटच होता. पोरगी माझं मन राखत दोन महिने गप्प बसली, हे तिला शिकवलं कुणी, तर तूच.

संध्याकाळी तिच्यासमोर बसून तुझा नंबर उघडला. हेतलने केलेलं मला उलटं करता येईना, तर आफरानेच बोट धरून दाखवलं. म्हटलं, लाव आता. तिने फोन माझ्या हातात ठेवला. "आधी तू बोल. मी लावला तर खाला विचारेल इतके दिवस काय झालं. मी तिच्याशीही खोटं नाही बोलणार, आणि तुझं नावही नाही सांगणार."

फोनवर मला जमणार नाही. तू पहिल्याच वाक्याला "जाऊ दे ना आपा" म्हणशील आणि मला सुटल्यासारखं वाटेल. म्हणून कागद. फैझान पोचेपर्यंत पोरीला थांबावं लागणार, तेही मी तिला सांगितलंय. चालेल म्हणाली.

पत्र मिळालं की फोन कर. माझ्याशी भांडायचं असेल तर नंतर भांड, मी ऐकून घेईन. आधी तिला कर. आणि तिने माझ्याबद्दल काही सांगितलं, चांगलं-वाईट काहीही, तर ते मला सांगू नकोस. मला तिच्या तोंडून ऐकायचंय. वेळ लागला तरी चालेल.

अरमानभाईंना सलाम. तुला दुआ.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
तुझीच,
तस्नीम आपा