निवृत्त मशीनच्या नावची डाक

सोमवार, ४

शी! लॅबमधून वॉर्डांकडे निघालेले रक्ततपासणीचे अहवाल सकाळपासून गायब. सगळे नाहीत — बरोब्बर एकाआड एक! एका आजोबांचं ऑपरेशन त्यापायी दिवसभर खोळंबलं. साहेब म्हणतात, "रीस्टार्ट करून बघा." यांच्या घरी दूध नासलं तर गाय रीस्टार्ट करतील.

चारला सापडलं. वॉर्डांची डाक आपसांत वाटून घेऊन पुढे धाडणारी आमची दोन मशीनं, म्हणजे क्यू मॅनेजर : जुना नि नवा. शनिवारी वॉर्ड नव्याला जोडले; रविवारी लॅब बंद, म्हणून आज उघडं पडलं. जुन्या मशीनवर 'निवृत्त' अशी चिठ्ठी डकवून साहेबांनी फोटोसुद्धा काढला! पण क्लस्टरच्या, म्हणजे या दोघांत डाक वाटणाऱ्या यंत्रणेच्या, यादीतून जुन्याचं नाव काढायचं कुणाला सुचलं? ते राहिलंच. मग क्लस्टर इमानेइतबारे एक संदेश नव्याला देतंय, एक जुन्याला. जुना घेतोय नि पोटाखाली दाबून बसलाय. त्याच्याकडे मागायला कोणी येतंय थोडंच!

नाव काढलं. दोनशे बारा अहवाल उपसून वॉर्डांना धाडले. कोणी 'बरं झालं' म्हणालं नाही.

मंगळवार, ५

चौकशी. साहेबांना बळीचा बकरा हवा होता — मिळाला. ऑपरेटर बाई! अकरा वर्षं नोकरी, शनिवारी संध्याकाळपर्यंत ड्यूटीवर त्याच.

"मशीन बदलताना खुणा करायची चौदा कामांची यादी असते ना? कुठंय?"

"सापडत नाही, साहेब."

सापडत नाही म्हणे! एक कागद सांभाळता येत नाही. साहेबांचा मेमो तर त्याहून दिव्य. ओळी आठ, चुका सात. माझ्या हिरव्या पेनाने सातही गोल केल्या, तेवढंच समाधान.

बायकोला सांगितलं. म्हणते, "शनिवारी तुम्हीही होतात की!"

दुपारपर्यंत! मग मेहुण्याकडे जेवायला पळालो, तिच्याच भावाकडे.

बुधवार, ६

बाईंना सांगितलं — शुक्रवारपासून येऊ नका. खोलीतले सगळे एकदम कीबोर्ड बडवायला लागले. भेकड कुठले! मीही बडवला, पण मला निदान काम होतं.

निघताना बाई माझ्या टेबलापाशी थांबल्या. "ड्रॉवर आवरा हो एकदा. किती तो पसारा!"

नोकरी गेली, उपदेश जाईना.

गुरुवार, ७

सकाळी ड्रॉवर उघडला. वरच घडी घातलेली यादी.

चौथी ओळ : 'क्लस्टरमधून जुन्याचं नाव काढलं.' पुढे बरोबरची खूण. चौदाही ओळींपुढे तशीच, वरून खाली एका दमात ओढलेली. हिरवी. खाली माझी सही, वेळ सकाळी साडेअकरा. कामं तेव्हा सुरूही झाली नव्हती. जेवायला जायची घाई!

बाईंनी खूण पाहिली, विश्वास ठेवला. आणि हा कागद साहेबांना दाखवला नाही.

साहेब दहाला येतात. साडेनऊपासून यादी घेऊन त्यांच्या दाराबाहेर बसलोय. हेही हिरव्यानेच लिहितोय — दुसरं पेन नाही.