शिवगंगेच्या टाळूची किल्ली

अणदूर,
फेब्रुवारी १९६६

ती. कल्याणप्पा अण्णांस,

रेवणसिद्धचा नमस्कार, शरणु शरणार्थी. इकडं सगळे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत ते वैनींना विचारून कळवा (तुम्ही स्वतः खरं सांगत नाही).

तुमची भाची शिवगंगा आता बारा वर्षांची. नाक कायम चोंदलेलं, झोपताना तोंड उघडं, आणि वरचा जबडा इतका अरुंद की वरच्या दाढा खालच्यांच्या आत उतरायच्या. शेवटी तिला सोलापूरला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. परदेशात शिकून आलेला माणूस! त्यांनी तोंडात टाळूला तारांचा सांगाडा बसवला, मधोमध बारीक स्क्रू. रोज किल्लीनं थोडा थोडा फिरवायचा, की जबडा रुंद होतो. (मी विचारलं, "लेकरू आहे का भिंतीवरचं घड्याळ?" ते हसले नाहीत.)

किल्ली बघूनच तुमच्या बहिणीनं, शांतम्मानं, डोळ्याला पदर लावला, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. किल्ली घशात जाऊ नये म्हणून तिचा दोरा माझ्या बोटाला बांधलेला. पोरगी साखरेला 'थाखर' म्हणायला लागली, भाकरी आमटीत कुस्करून खायला लागली. पण भ्याली नाही. म्हणाली, "अप्पा, नाकाच्या मुळाशी कुणीतरी दार ढकलल्यागत वाटतंय. पलीकडं काय असंल?"

मग एका सकाळी ती हसली, तर पुढच्या दोन दातांत फट! ज्वारीचा दाणा सहज जाईल एवढी. शांतम्मा ओरडली, "लेकीचं तोंड फोडलं की वो तुमी! आता हिला कोण करून घेईल?" पोरीला घेऊन पहिल्या एस.टी.नं सोलापूर गाठलं. डॉक्टर फट बघून खुर्चीतून उठलेच. "उघडला! हेच तर पाहिजे होतं!" टाळू म्हणे एकसंध नसते, दोन फळ्या जोडलेल्या असतात. लहान वयात सांधा कच्चा असतो, तो उघडला. आता त्यात नवं हाड भरेल, फटही मिटेल. माझा जीव भांड्यात पडला, पण शिवगंगा सोडते का? "मोठ्या माणसांचा का उघडत नाही? पक्का कधी होतो? कशानं?" डॉक्टरांनी कपाटातून माणसाची कवटीच काढली. तिनं सरळ कवटीच्या टाळूवरून बोट फिरवलं. मी डोळे मिटले.

फट खरंच मिटली. आणि परवा ती गोठ्यातून पळत आली, "अप्पा, कडब्याला वास असतो?" दिवसभर घरभर हुंगत फिरली: शाईची दौत, म्हशीची पाठ, माझा कोट (कोटाबद्दल जे बोलली ते लिहीत नाही). सगळ्यांचंच नाक असं मोकळं होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या पोरीचं झालं.

वैनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
रेवणसिद्ध

ता. क. : खरं काम असं. शिवगंगेला सोलापूरच्या शाळेत शिकून दातांची डॉक्टरीण व्हायचंय. तुमच्या घरी ठेवून घ्याल का? शांतम्माला बोललो नाही. रडून घर डोक्यावर घेईल. तुम्ही थोरले भाऊ, तुम्हीच तिला हळूच समजवा.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायला दिलं, तर शांतम्मानं पत्र वाचून काढलं. म्हणते, "अण्णाला म्या जत्रंतच इचारलंय. वैनीनं खोली पन रिकामी केली. तुमाला सांगितलं असतं तर रडत बसला असता." अण्णा, तुम्हीही एका शब्दानं बोलला नाहीत! (इथं शाई फुटली आहे, ती पाण्याचा हात लागून. दुसरं काही नाही.)