तिसऱ्या पायरीवरचा फोटो

प्रिय अरविंद,

त्या फोटोची खरी किंमत काल पहिल्यांदाच मोजली. तालमींत खर्ची पडलेले चार रोल. माझ्या गॅरेजमध्ये तुमच्या नाटकाच्या सेटच्या पायऱ्या ठोकण्यात गेलेले तीन शनिवार. वामनकाकांचा कायमचा रुसवा. आणि तुझ्याशी बोललेलं एक खोटं, जे चार वर्षं तसंच राहून गेलं आहे.

तू होतास तोवर हे लिहायची वेळ आली नाही. दर रविवारी दुकानात येऊन काउंटरशी बसायचास. पुढच्या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं चाललं होतं. तू झोपेत गेलास त्याला आता पाच आठवडे झाले, आणि काल तुझी मुक्ता आली.

"दिगूकाका, मंडळाच्या कार्यक्रमात बाबासाठी दहा मिनिटं ठेवलीयेत. मला तो स्टेप्सवरचा फोटो हवाय. स्टेजच्या मागे, ह्यूज! प्रिंट नको, निगेटिव्ह द्या. माझा फ्रेंड स्कॅन करणारे."

"शोधावी लागेल गं."

"नो प्रॉब्लेम. सॅटर्डेला येते."

शोधावी लागेल म्हणे! अकोल्यात दुसऱ्याच्या स्टुडिओत फोटो धुवून वर आलेला माणूस मी. जर्सी सिटीत स्वतःची लॅब उभी केली ती असल्याच शिस्तीवर: प्रत्येक रोल पाकिटात, पाकिटावर तारीख. दोन मिनिटांत निगेटिव्ह सापडली. समोर टेबलावर पडली आहे. उद्या शनिवार.

तुझं गुपित तू मला सांगितलं नव्हतंस, आठवतं? मी ऐकलं होतं. माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या तू पाच वर्षं चढत होतास, आणि एका संध्याकाळी तोंडातल्या तोंडात मोजायला लागलास. एक, दोन, तीन. बायको म्हणते माझे कान कुत्र्याचे आहेत. मी सरळ विचारलं, "अरव्या, पायऱ्या का मोजतोस?"

मग सांगितलंस. रेटिनाचा आजार. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं, मग उरलेलं.

"शैलाला बोललास तर मैत्री संपली. ऑफिसात कळलं तर प्रोजेक्ट जाईल. प्रोजेक्ट गेला की व्हिसा. पुढचं तुला माहितीये."

शैलावहिनीला पुढे डॉक्टरांच्या पत्रातून कळलं. दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं! स्वतःच्या बायकोला न सांगता फोटोवाल्याला सांगायचं, ही कुठली रीत रे?

आणि हे डोळे घेऊन मंडळाच्या नाटकात तू कुठली भूमिका घ्यावीस? अंधारात चार पायऱ्या उतरून दाराला कडी घालणारा म्हातारा! प्रकाश किती, तर बाजूला एक निळा दिवा. शेवटच्या पायरीनंतर दोन पावलांवर दार आणि लगेच स्टेजची कड, खाली चार फुटांचा खड्डा. तू अनवाणी उतरायचं ठरवलंस, तेव्हा सगळे म्हणाले, "काय अभ्यास आहे भूमिकेचा!" तुझे तळवे पायरीची कड शोधणार होते, हे फक्त मला माहीत होतं.

"एकच कर," म्हणालास. "फ्लॅश येऊ देऊ नकोस. डोळ्यात गेला की मिनिटभर सगळं पांढरं होतं. पायरीवर असलो तर संपलं."

"माझा तर येणारच नाही."

"तुझा नाही रे. पब्लिकचा."

आणि थोड्या वेळानं, चहा संपता संपता, "फोटो मात्र काढ. तिसऱ्या पायरीवर मी थांबतो ना, तिथला. डोळे आहेत तोवर एकदा स्वतःला बघायचंय. नंतर तुम्ही वर्णन करून सांगणार आणि मी माना डोलावणार. त्यात काय मजा?"

प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या त्या ऑडिटोरियमच्या दारात मी काळ्या टेपचं भेंडोळं घेऊन उभा होतो. घोषणा करून आपली माणसं ऐकतात होय? ज्याच्या हातात कॅमेरा, त्याला "या, या, चहा घेतलात का?" म्हणत फ्लॅशवर टेप चिकटवायची. एकोणीस फ्लॅश बंद केले. काही जण हसले, काही चिडले, पण सगळ्यांनी चिकटवू दिली.

मध्यंतरानंतर उजव्या बाजूच्या वाटेत गुडघा टेकून बसलो. सगळ्यात वेगवान फिल्म, भिंग पूर्ण उघडं, तरी शटर एक पंधरांश सेकंदाच्या वर जाईना. तेवढ्या वेळात माणूस हलला की फोटोत धूर. म्हणून तुझं थांबणं मला हवं होतं. एरवी मी क्लिक हशाखाली दडवतो. त्या प्रवेशात हशा नव्हता. एकच क्लिक करायचा, असं ठरवून श्वास धरला.

तू वरच्या पायरीवर आलास. पहिली उतरलास. दुसरी.

तेवढ्यात ऐकू आलं. किंऽऽऽ… कानाशी डास आल्यासारखी बारीक शिट्टी, वर वर चढत जाणारी. फ्लॅश चार्ज होताना करतो तसा आवाज. माझ्या मागे, दोन रांगा सोडून, डावीकडे. ती शिट्टी थांबली की फ्लॅश तयार!

माझ्या चौकटीत तू होतास. तुझा उजवा पाय तिसऱ्या पायरीची कड शोधत होता. आणखी दोन सेकंदांत तू थांबणार होतास, आणि मला हवा तो फोटो तिथे होता. अरविंद, खरं सांगतो, मी एक क्षण हललो नाही. वाटलं, आधी क्लिक करू, मग वळू.

मग कॅमेरा गळ्यात सोडला आणि गुडघ्यांवरच मागे सरकलो. कुणाच्या तरी पायावर हात पडला. "अगं बाई!" त्या रांगेच्या टोकाला वामनकाका होते, नागपूरहून मुलाकडे आलेले. मध्यंतरात गाडीतून नवा कॅमेरा घेऊन आले होते, आणि मध्यंतरात मी दारात नव्हतो. नाटकात काम करणारा त्यांचा नितीन त्याच क्षणी खालच्या दारातून येणार होता. मी पंजा फ्लॅशवर दाबला, आणि तो पंजाखालीच उडाला. बोटं आतून लाल झाली.

"काय करून राहिले हो तुम्ही? माझा पोरगा आहे न तिकडे!"

"काका, एक मिनिट. पाया पडतो तुमच्या."

"पाया पडता, अन् कॅमेरा दाबून ठेवता?"

"शूऽऽ!" मागून कुणीतरी.

माझी पाठ स्टेजकडे होती. हात काढायची हिंमत नव्हती. म्हणून तुझा तो प्रवेश मी पाहिलाच नाही, ऐकला. लाकडावर तळवा घासला. मग शांतता. ती इतकी लांबली की वाटलं, लाल उजेड तुझ्यापर्यंत पोचला बहुतेक. वामनकाकांचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. मग चौथी पायरी. एक पाऊल, दुसरं पाऊल. आणि कडीचा आवाज!

टाळ्या मी एका हातानं कशा वाजवणार?

नंतर विंगेत तू माझं कोपर धरलंस.

"दिग्या, आला का?"

"आला. फर्स्ट क्लास!"

का म्हणालो? त्या हाताला 'नाही' म्हणवलं नाही, एवढंच. पण त्याच रात्री खरं सांगितलं असतं तर? पायऱ्या माझ्याच गॅरेजमध्ये होत्या. निळा दिवा भाड्यानं मिळत होता. तुला पुढे वर्षभर दिसत होतं. शंभरदा थांबला असतास तू तिसऱ्या पायरीवर! हौसेनं थांबला असतास. ते वर्ष मी "मोठी प्रिंट काढतोय, थांब जरा" म्हणत सुरू केलं, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका निगेटिव्हची प्रिंट गडद करून, खालून कापून तुझ्या हातात ठेवली.

तू ती खिडकीशी नेलीस. डोळ्याजवळ धरून इंच इंच सरकवत पाहिलीस.

"पाय कापलेस रे."

"फ्रेममध्ये बसले नाहीत."

"तुझ्या? पहिल्यांदाच!" म्हणून हसलास, आणि प्रिंट घरी नेऊन भिंतीवर लावलीस. तुला कळलं होतं का रे? कळलं असेल तर बोलला का नाहीस? चार वर्षं दर रविवारी माझ्या समोर बसत होतास!

आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. दुसरी प्रिंट काउंटरमागे टांगली. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं, "नो फ्लॅश. एक पंधरांश सेकंद, कॅमेरा हातात. अंधारात फोटो काढायला डोळे नाही, छाती लागते!" मंडळानं त्या फोटोसाठी मला शाल पांघरली, आणि तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतास.

उद्या मुक्ता आली की दुकानाला कुलूप लावीन, तिला बसवीन आणि सगळं सांगेन, वामनकाकांच्या फ्लॅशसकट. निगेटिव्ह तिच्या हातात देईन. स्टेजमागे लावायची की नाही, तिनं ठरवावं. काउंटरमागची फ्रेम आजच उतरवतो. हे वचन, आणि या वेळी पुढच्या रविवारवर ढकलणार नाही.

निगेटिव्ह प्रयोगाच्या आधीच्या गुरुवारी, तालमीत काढलेली आहे. हॉलच्या सगळ्या ट्यूबलाइट चालू आहेत आणि तुझ्या पायांत पांढरे स्नीकर्स आहेत.

तुझा,
दिगू