जिवंत तोंडचा अर्थ

सोमवार, ५ जानेवारी

पोचले बाई एकदाची! लेकीचं नवं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की चढताना सगळे पूर्वज आठवले. दारातच चिमणी, म्हणजे लेकीची चार वर्षांची लेक, "आजी" म्हणून अशी बिलगली की गुडघ्यांची तक्रार मी तिथल्या तिथे मागे घेतली.

माझी आणि अक्षरांची ओळख कोणी करून दिली नाही, आणि मीही आपण होऊन बोलायला गेले नाही. म्हणून ही रोजनिशी मी सांगायची आणि लेकीने टाइप करायची. ती म्हणते, आई, तू बोलतेसच इतकं, निदान जमा तरी होऊ दे. जावई कामासाठी बाहेरगावी. म्हणजे घरात आम्ही तिघी, आणि भांडायला पुरुषमाणूस नाही.

धाकट्याचा, म्हणजे माझ्या मुलाचा, फोन येऊन गेला. रोज सकाळी येतो. आधी चिमणी "मामा, मामा" करून कान फोडते, मग उरलासुरला फोन माझ्या वाट्याला.

मंगळवार, ६ जानेवारी

लेकीचं काम आज नीट कळलं. इंग्रजीतले जुने, कोणी न वापरणारे शब्द घ्यायचे आणि त्यांना मराठी अर्थ लावायचा. मी म्हटलं, म्हणजे साहेबाने टाकून दिलेलं तू भंगारवाल्यासारखी गोळा करतेस. ती हसली, पण थोडी फुगलीही.

तिच्या ऑफिसचा नियम मोठा गमतीचा. अर्थ पुस्तकातला चालत नाही. तो मराठी शब्द ज्याच्या तोंडात अजून रोज असतो, त्याने माईकमध्ये बोलून द्यायचा. मेलेल्या शब्दाला जिवंत तोंडचा अर्थ, असं तिथल्या मोठ्या बाईंचं म्हणणं.

आजचा शब्द 'ग्रोक'. जेवणाऱ्यासमोर बसून, काही न मागता, घास मिळेल म्हणून त्याच्या ताटाकडे बघत राहणं. मी चिमणीकडे बोट दाखवलं, कारण ती तेव्हा नेमकं तेच करत होती. माईकमध्ये ठणकावून सांगितलं, आशाळभूत! मग एक घास पोरीला, एक शब्द ऑफिसला. दोघांची पोटं भरली.

बुधवार, ७ जानेवारी

चिमणी आज माझ्या ताटाकडे फिरकलीच नाही. घास पुढे केला तर भिंतीकडे बघावं तसं बघितलं. पोट बिघडलं असेल.

आजचा शब्द 'एप्रिसिटी'. थंडीतल्या उन्हात पाठ करून बसलं की मिळते ती. एवढ्याशा सुखाला एवढं लांबलचक नाव! मी म्हटलं, ऊब म्हण की सरळ. माईकमध्येही तेच म्हटलं.

गुरुवार, ८ जानेवारी

बाल्कनीत बसले. ऊन लख्ख, पण अंगावर पडून कळेना. त्याला — नाही. चिमणीही कालच्यासारखीच, ताटाकडे बघेना. तिला — म्हणून चिडवायला गेले, तर शब्दच सापडेना.

मघाचं लेकीला वाचून दाखवायला सांगितलं. 'त्याला' म्हणाली, थांबली, मग 'नाही' म्हणाली. मधलं कुठे गिळलंस, म्हटलं. ती म्हणते, मधे तू काही बोललीच नाहीस.

जरा चरकले. पण नवा शब्द ऐकला की गप्प बसवत नाही, ही माझी जुनी खोड. आज 'ईम', आईचा भाऊ. मी उडालेच! म्हणजे साहेबाकडेही आईकडचा वेगळा होता, आणि त्याने तो टाकून सगळ्यांचे अंकल करून ठेवले! त्या आनंदात "मामा" म्हणून मोकळी झाले.

शुक्रवार, ९ जानेवारी

फोन आला नाही.

लेकीला म्हटलं, तू लाव. कोणाला, म्हणाली. तुझ्या भावाला गं. ती हसली. आई, मी तुझी एकुलती एक, जिना चढून डोकं फिरलं का तुझं?

भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो आहे. ती, जावई, मी. माझ्या शेजारी मोकळी जागा. माझा हात त्या जागेच्या खांद्यावर.

मी जन्म दिलाय त्याला. हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. चिमणीचा — आहे तो. लिहिलंस का? मला वाचता येत नाही. तू काय लिहितेस, देव जाणे.

शनिवार, १० जानेवारी

लेकीला सगळं सांगितलं. शब्द दिला की वस्तूच जाते, माणूस जातो. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आजचा शब्द 'बेल्डम'. आईची आई. मी ओठ मिटून घेतले. मग हात जोडले. ती म्हणाली, बरं, तू नको बोलूस. आणि चिमणीला मांडीवर घेतलं. माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, ही कोण गं?

तोंड जिवंत हवं, एवढाच नियम. माझंच हवं, असं कुठे होतं?

पोरीने माझ्याकडे बघून, मान वाकडी करून, लाडाने "आजी" म्हटलं. माईकमध्ये. इतक्या गोड आवाजात मला कोणी कधी —

रविवार, ११ जानेवारी

चिमणी विचारते, आपल्या खुर्चीत ही बाई कोण?

मी तिची —

वाचून दाखव. नको. नको वाचूस.

मी अजून लेकीची आई आहे. म्हणून ती लिहितेय. तेवढंच उरलंय.

सोमवार

नवा शब्द. 'डॅम'. अर्थ विचारला. सोपा आहे म्हणाली, तुला त्रास नको, चिमणी दिवसभर तीच हाक मारते की मला —

मी गेले तर गेले. पण पोरीला कोण उरेल? लेकी, टाइप नको करूस. ऊठ. माईक बंद कर. हसतेस काय —

चिमणी आली. मांडीवर चढतेय. ओढायला गेले तर किंचाळली, परकी ना मी —

चिमणे, बाळा, काहीही म्हण, मांजर म्हण, खुर्ची म्हण, फक्त तिच्याकडे बघून ते —