मामानं पुढे सारलेलं ताट

आई, मामाविषयी तू मनात जे घेऊन गेलीस ते खोटं होतं. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर माझं तुला माहीत आहे, बोलता बोलता मी भलत्याच वाटेला लागतो. तुला जाऊन आठ वर्षं झाली. लढाई संपली, इंग्रज गेला, मी मनमाडपासून मिरजेपर्यंत हमाली केली, एका सर्कशीत हत्तीला चाराही घातला. तो हत्ती माणसासारखा रुसायचा. पण ते राहू दे.

आपल्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायच्या आदल्या दिवशी समेट करायची रीत. ज्याच्याशी अबोला, त्याच्या दारात जाऊन माफी मागायची. मन साफ नसेल त्यानं रविवारी भाकरीचं ताट पुढ्यात आलं की न घेता शेजाऱ्याकडे सारायचं. तू बायबलबाई, वाड्यावस्त्यांवर बायकांना येशूच्या गोष्टी सांगत हिंडणारी, आणि प्याल्यातल्या रसासाठी मनुका भिजत घालायचं कामही तुझंच. त्या शनिवारी तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता विचारलंस, "मामाचा मृदंग तूच फाडलास ना?" मी चुलीत काटकी सारली. मामा तुझा चुलतभाऊ, आपल्या कीर्तनात मृदंग वाजवायचा. भर कीर्तनात त्यानं माझी थट्टा केली होती, "बायबलबाईचं लेकरू सातवीत तिसऱ्यांदा बसलंय! बाक झिजला की रं!" सगळे हसले, तूही हसलीस. ते मला डसलं. तिसऱ्या दिवशी मी मृदंगाच्या कातड्यात विळ्याचं टोक खुपसलं. "राग येतो नि जातो, लेका," तू म्हणालीस, "पण जपून ठेवलेला राग म्हणजे सैतानाला दिलेली ओसरी. आज ओसरीवर निजेल, उद्या घरात हातपाय पसरेल. जा, माफी मागून ये." मी निघालो खरा. पण वेशीपाशी दरवेशी अस्वल घेऊन आलेला. ते बघता बघता दिवस कलला, आणि मी तसाच घरी आलो. "काय म्हणाला मामा?" "जाऊ दे म्हणाला." इतकं सोपं होतं ते. तू मला जवळ घेतलंस.

मला काय ठाऊक, दुसऱ्या दिवशी तू साक्ष द्यायला उभी राहशील. उपासनेत सगळ्यांपुढे सांगतेस, माझ्या पोराचं मन प्रभूनं नमवलं, काल तो मामाच्या पाया पडून आला. पाळकसाहेब कौतुकानं मामाकडे वळतात, "होय ना?" मामा माझ्याकडे बघतो. मग तुझ्याकडे. तुझे डोळे भरलेले. "व्हय," मामा म्हणतो, "आल्ता पोरगा." ताट फिरतं. मी भाकर घेतो, खातो. मामा ताट पुढे सारतो.

त्यानंतर दरवेळी त्यानं ते सारलंच. मंडळीत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे दारू, कोणी म्हणे बाई ठेवलीय. शेवटी तू त्याच्या दारात गेलीस, मी मागे तुझी पिशवी धरून. "माझ्या कालच्या पोरानं मान वाकवली, आणि तू वडील माणूस देवाकडे पाठ करून बसलास. गर्व आहे हा तुझा, दादा." एका शब्दात त्याला सुटता आलं असतं. "आसंल बाई," एवढंच तो म्हणाला. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दोन वर्षांनी तापात तू गेलीस, तेव्हाही तोंडी तेच, "माझ्या दादाला माघारी आण, प्रभू." माझ्यासाठी तू काहीच मागितलं नाहीस. माझी तुला काळजी नव्हती.

परवा नगरला माळीवाड्याच्या वेशीपाशी मामा भेटला. डोळे दाखवायला आलेला, पार वाकलाय. "कवा आलास रं? काय खाल्लंस का?" मी विचारलं, अजून ताट सारतोस का. म्हणाला, "देवाच्या घरात खोटं बोललो. तुज्या आईचं त्वांड बघून बोललो, पर खोटं ते खोटं. मंडळीपुढं निस्तरल्याबिगर भाकर घशाखाली उतरंल व्हय?" "मग सांगून टाकायचं होतंस." "सांगितलं की तुजं निघतंय. तुजं तू सांगायचं, लेका." मग म्हणाला, "रईवारी प्रभुभोजन हाय. येतूस?" मी येतो म्हणालो. त्यानं माझा दंड असा धरला की अजून दुखतोय.

तू गेल्यापासूनच्या या सगळ्या वर्षांत मीही प्रभुभोजनाची भाकर घेतली नाही, आई. धर्मशाळेत, मालधक्क्यावर, कोणी विचारलं तर छाती काढून सांगायचो, मी ढोंगी नाही, मन साफ नसताना खाणाऱ्यांतला नाही. त्याचाच मला तोरा. पाठ देवाकडे मी फिरवली आणि बोल मामानं सोसला, हे कधी कोणाला सांगितलं नाही.

आज शनिवार. स्टेशनासमोरच्या हॉटेलात बसून लिहितोय, चहावाला दोनदा उठवून गेला. उद्या उभं राहून बोलायची वाक्यं दोनच आहेत. हा कागद धाडायला पत्ता नाही, म्हणून इतकं भरभरून लिहिता आलं. गावाच्या उलट्या दिशेचं, मनमाडचं तिकीट मी सकाळीच काढलंय, आई. हे लिहायला बसायच्या आधी.