आधी मधला ठिपका

नगर,
११ मार्च १९७३

प्रिय शकिला,

भूमितीच्या तासाला मी कंपासपेटी विसरले होते आणि तू बाकाखालून तुझी हिरवी बांगडी माझ्याकडे सरकवलीस, ते आठवतं का? शाळेच्या फाटकातच सिस्टर बांगड्या काढायला लावायच्या, म्हणून त्या तुझ्या खिशात असायच्या. बांगडी कागदावर दाबून धरून मी कडेने पेन्सिल फिरवली. वर्तुळ इतकं छान आलं की सिस्टरनी माझी वही वर्गभर फिरवली आणि आपण दोघी हसू दाबत खाली बघत बसलो.

हल्ली मी पुन्हा वर्तुळं काढते. गेल्या वर्षी ऑपरेशननंतर माझा डावा डोळा कायमचा गेला. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू धावत आली असतीस आणि मला रडू आलं असतं. आता उजव्यात मोतीबिंदू आहे. तो पिकेपर्यंत थांबायचं होतं. वाचन बंद, विणकाम बंद. नुसती बसून मी घरातल्या सगळ्यांवर चिडायला लागले. तेव्हा पुण्याला चित्रकला शिकणारी माझी भाची नलू सुट्टीत आली आणि म्हणाली, मावशी, तू मंडल काढ, गोलात भरलेली नक्षी. मोठ्या कागदावर, जाड काळ्या शाईने. विहीर आटल्यापासून अंगणात सडा नाही, त्यामुळे रांगोळीही नाही. हाताला काहीतरी हवंच होतं.

पहिलं मंडल पार फसलं. मी आधी बाहेरचं मोठं वर्तुळ आखलं आणि आत पाकळ्या भरत गेले. मधे पोचेपर्यंत जागा संपली, पाकळ्या एकमेकींवर चढल्या. ह्यांनी चष्मा कपाळावर ढकलून नीट पाहिलं आणि कोबी छान आलाय, आज भाजी करायची का, म्हणून विचारलं. मी नलूला सांगितलं की आम्हाला सिस्टरनी आधी समास आखायला शिकवलंय, मग बाकीचं. तूही तेच केलं असतंस. नलूने माझं बोट धरून कोऱ्या कागदाच्या मधोमध टेकवलं. “मावशी, आधी हा ठिपका. बाहेरची रेघ सगळ्यात शेवटी, तुला थांबावंसं वाटेल तिथे.”

तेव्हापासून रोज सकाळी खिडकीत बसते. ठिपका, भोवती छोट्या पाकळ्या, मग बांगडी ठेवून वर्तुळ, मग वाटी, मग ताटली. कंपासचं टोक मला दिसत नाही, पण बांगडीची कड बोटाला कळते. एक पाकळी वाकडी गेली तर समोरचीही तेवढीच वाकडी काढते. मग ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. चिडचिड गेली. आता ह्यांनी आणलेल्या रंगीत शायांतली एखादी संपली तरच ह्यांच्यावर ओरडते.

मोतीबिंदू पिकलाय. गुरुवारी, बावीस तारखेला ऑपरेशन आहे. या वेळी डाव्यासारखं होणार नाही, असं मला पक्कं वाटतं. तरी मंडलं मी आधीच वाटून टाकतेय, कारण देताना घेणाऱ्याचा चेहरा मला बघायचाय. कोबी ह्यांचा, त्यांनी तो हट्टाने मागून घेतलाय. निळं नलूचं. लाल शेजारच्या छबूबाईंचं, कारण उंबऱ्यावर बसून रंग त्यांनीच ठरवला. सगळ्यात मोठं, हिरवं, तुझं. ते टपालाने येणार नाही. आदल्या दिवशी, बुधवारी सकाळच्या एसटीने कोपरगावहून निघ आणि हातात बांगड्या घालून ये. त्याच्या कडेची झालर अजून राहिलीय. ती आपण तुझ्या बांगडीने काढू, आणि मग खिडकीत उजेड असतानाच मी ते तुझ्या हातात देईन.

तुझीच,
प्रमिला